दारू सुटली, पण खाण्याचं काय?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीने सात महिन्यांपूर्वी दारू सोडली. आता ती दिवसभर जवळजवळ उपाशी राहते, रात्री हाताला लागेल ते खाते आणि मग बाथरूममध्ये जाऊन मुद्दाम उलटी करते. घरचे म्हणतात, 'दारूपेक्षा हे बरं.' आम्ही काय करावं?

उत्तर : 'दारूपेक्षा बरं' हे आधी मनातून काढून टाका. ही लक्षणं बुलिमियाची, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते मुद्दाम बाहेर काढण्याच्या आजाराची वाटतात आणि हा आजार जिवावर बेतू शकतो. वारंवार उलट्या केल्याने रक्तातलं पोटॅशियम घटतं; ते फार घटलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून याच आठवड्यात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि ईसीजी तपासून घ्या. डॉक्टरांना उलट्यांबद्दल स्पष्ट सांगा, कारण बुलिमियात वजन बऱ्याचदा सर्वसाधारणच असतं आणि नुसतं पाहून काही कळत नाही. छातीत धडधड, भोवळ किंवा उलटीत रक्त दिसलं तर थेट तातडीच्या विभागात न्या.

दारू पूर्ण बंद करता येते, अन्न नाही. त्यामुळे कडक डाएट, कपाटाला कुलूप हे उपाय उलटतात. दिवसभराची उपासमारच रात्रीच्या खाण्याला खतपाणी घालते, शिवाय रिकाम्या पोटी दारूची तलफही वाढते. उठल्यावर तासाभरात काहीतरी खायचं, मग दर तीन-चार तासांनी : तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं थोडं. रात्री कितीही खाल्लं गेलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. बहुतेकींचं गाडं इथेच अडतं. 'काल फार झालं' म्हणून नाश्ता टाळला की रात्री पुन्हा तेच. जेवणानंतर तासभर तिच्यासोबत बसा, गप्पा मारा. बाथरूमच्या दारावर पहारा मात्र नको. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण घासलं जातं. नुसती चूळ भरावी आणि किमान अर्धा तास थांबावं.

'आधी वर्षभर दारूपासून दूर राहू दे, खाण्याचं मग बघू' असा सल्ला मिळाला तर मानू नका. एक दाबलं की दुसरं उसळतं, म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार हवेत : मनोविकारतज्ज्ञ, खाण्याच्या विकारांसाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) आणि आहारतज्ज्ञ. नैराश्यासाठी किंवा सिगारेट सोडण्यासाठी बुप्रोपियॉन हे औषध सुचवलं गेलं तर उलट्यांची माहिती आवर्जून द्या. बुलिमियात त्याने फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून ते देत नाहीत.

आणि तिच्या वजनाबद्दल घरात कुणी बोलू नये. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हेसुद्धा नाही.