९७ डेसिबलच्या जुन्या हॉर्न स्पीकरना स्वस्तातला छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुरेल का?

तुमच्याकडे जुने, मोठ्या खोक्यांचे हॉर्नवाले स्पीकर आलेत, मागे ८ ओहम आणि ९७ डेसिबल लिहिलंय, आणि तळहातावर मावेल असा क्लास-डी (सिग्नल झटपट चालू-बंद करून वाढवणारा, म्हणून छोटा) अ‍ॅम्प्लिफायर लावला तर "एवढ्याशा यंत्राने हे हलतील का" अशी शंका आहे. हलतील, अगदी आरामात. वॅटची काळजी सोडा. अडचण आलीच तर ती ताकदीची नसेल, शांततेची असेल.

आधी वॅटचा हिशेब उरकून टाकू. ९७ डेसिबल म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर एवढा आवाज. दोन स्पीकर, नेहमीची खोली आणि तीनेक मीटरवर खुर्ची धरली तर १ वॅटला कानाशी साधारण ९० डेसिबल पोचतात. घरात आपण सरासरी ७५ च्या आसपास ऐकतो, म्हणजे काम चाललंय ०.०३ वॅटवर! तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा कडकडाट सरासरीच्या २० डेसिबल वर गेला तरी लागतात ३ वॅट. हाच आवाज ८७ डेसिबलच्या आजच्या छोट्या स्पीकरमधून हवा असेल तर ३० लागतील, कारण दर १० डेसिबलला ताकद दहापट होते.

हे स्पीकर असे घडले कारण त्या काळी वॅट महाग होते. ३००बी या व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ८ वॅट देतो, ईएल८४ व्हॉल्व्हची पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने काम करणारी जोडी फार तर १५-१७. म्हणून १९४६ चा क्लिप्शहॉर्न किंवा १९५७ चा हेरेसी हे हॉर्न स्पीकर पाहिलात तर सगळी मेहनत थोड्या वॅटमधून जास्त आवाज काढण्यावर दिसते. पुढे २००५ च्या सुमारास सॉनिक इम्पॅक्टचा टी-अ‍ॅम्प आला. प्लास्टिकचा खोका, आत ट्रायपाथ कंपनीची अ‍ॅम्प्लिफायर चिप, आठ पेन्सिल सेलवर चालणारा. त्याला सर्वात जास्त डोक्यावर घेतलं ते असल्याच स्पीकरवाल्यांनी.

आज बहुतेक स्वस्त बोर्डांवर टीपीए३११६ ही अ‍ॅम्प्लिफायर चिप किंवा तिची भावंडं असतात. खोक्यावर "५० + ५०" छापलेलं असतं. तो आकडा ४ ओहम, २१ व्होल्ट आणि १० टक्के डिस्टॉर्शनचा (आवाज बिघडल्याचा), तेव्हा नाव मोठं लक्षण खोटं. खरी ताकद अडॅप्टर ठरवतो. १२ व्होल्टवर ८ ओहमला स्वच्छ ७ वॅट, १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरवर २० च्या आसपास. तुम्हाला ७ सुद्धा पुरतात, तरी मी १९ वालाच लावतो, थोडी मोकळी जागा राहते. २४ व्होल्टचा हट्ट नको. चिप २६ पर्यंत झेपवते, पण बोर्डावरचे कपॅसिटर बऱ्याचदा २५ व्होल्टचेच असतात.

आता खरी गोष्ट. स्पीकर १ वॅटचा डंका पिटतो तसाच तो अ‍ॅम्प्लिफायरच्या कचऱ्याचाही पिटतो. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर जो "स्स्स" (हिस) कधी जाणवलाच नाही, तो इथे रात्री खुर्चीपर्यंत येतो. जाहिरातीतला सिग्नल-टू-नॉइजचा (गाणं आणि हिस यांच्यातल्या फरकाचा) आकडा पूर्ण ताकदीवर मोजलेला असतो आणि तुम्ही तिथे कधी जाणारच नाही.

म्हणून घेण्याआधी, किंवा परत करायची मुदत संपायच्या आत, एवढं करून बघा. गाणं बंद, नॉब शून्यावर, कान हॉर्नच्या तोंडाशी. कान लावल्यावर थोडा हिस येणारच, पण दोन मीटरवरून आला तर तो बोर्ड तुमच्यासाठी नाही. मग नॉब हळूहळू वर न्या. हिस वाढला तर तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा, म्हणजे फोन किंवा डॅककडचा (डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारा डबा). आणि कॉम्प्युटर यूएसबीने जोडलेला असताना माउस हलवला की किरकिर बदलते, तर ती ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा नको तो प्रवाह. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, गेली तर चोर सापडला.

दुसरा त्रास नॉबचा. व्हॉल्यूम इतका लवकर चढतो की तुम्ही कायम पहिल्या टिचभर जागेत अडकता, आणि स्वस्त पॉट (नॉबमागचा व्हॉल्यूमचा भाग) नेमका तिथेच डावं-उजवं सारखं देत नाही. गायक एका बाजूला सरकतो. याचं मूळ अवाजवी गेनमध्ये, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्यात आहे. डॅक २ व्होल्ट देतो, बोर्डाचा गेन २६ डीबी म्हणजे २० पट, झाले ४० व्होल्ट. ३ वॅटला लागतात ५ व्होल्ट. या चिपला २०, २६, ३२ आणि ३६ डीबी असे चार गेन आहेत, बोर्डावरचे एक-दोन रेझिस्टर बदलून ठरणारे. २० वर आणलात की नॉब मोकळा होतो आणि हिसही उतरतो, एका सोल्डरिंगमध्ये दोन कामं. सोल्डरिंग जमत नसेल तर इनपुटला अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. त्याने नॉबचं दुखणं जाईल, अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा हिस मात्र राहील.

आवाज बोथट वाटला तर लगेच अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या घालू नका. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होतं. चाळीस-पन्नास वर्षांत क्रॉसओव्हरमधले (खर्ज आणि तार सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उतरतात आणि तार सुरांचा ट्वीटर मंदावतो, ट्वीटरचे लेव्हल कंट्रोल गंजतात. ते नॉब इकडून तिकडे दहा-वीसदा फिरवा. खरखर करून आवाज परतला तर दुखणं तिथेच होतं. उलट खर्ज सुका वाटला तर स्पीकरच्या वायरीत १ ओहमचा १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये घालून ऐका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (आतला अडथळा) जास्त असायचा, स्पीकरही त्या हिशेबाने बनलेले. सगळ्यांना हा बदल आवडत नाही. मला एका जोडीवर आवडला, दुसरीवर काढून टाकला.

तुमचे ८ ओहमचे आहेत म्हणून सोपं आहे. कुणाचे १६ चे असतील तर ताकद निम्मी होते, त्याचं काही नाही, पण या बोर्डांचा आउटपुट फिल्टर ४ ते ८ ओहम धरून बेतलेला असतो आणि १६ वर अगदी वरचा ट्रेबल थोडा उचलला जातो.

जोडताना एकच जपा. या चिप ब्रिज्ड असतात, म्हणजे काळी वायर ग्राउंड नसते, दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करायच्या नाहीत, कॉमन ग्राउंडवाल्या स्पीकर स्विच-बॉक्सला लावायच्या नाहीत. आणि स्पीकर जोडण्याआधी मल्टीमीटरने लाल-काळ्यात डीसी बघून घ्या. दहा-वीस मिलिव्होल्ट असेल तर चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर तो बोर्ड या स्पीकरच्या जवळही नेऊ नका, असे जुने वूफर आता सहज मिळत नाहीत.