मुंबईहून चार दिवसांत, आईबाबांना घेऊन, ऊटीची गर्दी टाळून दक्षिणेत कुठे जावं?

कोटागिरी. निलगिरीतच, साधारण 1,800 मीटरवर. चहाचे मळे तेच, गर्दी मात्र नाही. विमानाने कोइम्बतूर, तिथून टॅक्सीने मेट्टुपालयममार्गे वर. कुर्ल्याहून रेल्वेही आहे, पण दीड दिवस जातो. चार दिवसांत ते परवडत नाही.

खरी अडचण महिन्याची. आपल्या हिशोबाने पावसाळा सप्टेंबरात संपतो, पण कोटागिरी दोड्डाबेट्टा या उंच शिखराच्या आडोशाला असल्याने तिथे जूनपेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा पाऊस जोरदार. दरडी तेव्हाच कोसळतात. म्हणजे दिवाळीची सुट्टी नकोच. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम; रात्री स्वेटर, कानटोपी लागतेच.

निलगिरीत बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो, ऑनलाइन निघतो. टॅक्सी ठरवतानाच 'पास काढलाय का?' विचारा, नाहीतर नाक्यावर खोळंबा. प्लास्टिकच्या पाणीबाटल्या जप्त होतात, स्टीलची न्या.

कोडनाड व्ह्यूपॉइंटला सकाळीच जा, नंतर धुकं चढलं की पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. घाटात बाबांना पुढच्या सीटवर बसवा. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास, वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.