जुनी जिप्सी घेताय? आधी चेसिसखाली वाका

२००६ची मारुती जिप्सी म्हापशाला स्वस्तात मिळते आहे, इंजिन छान चालतं, तर वर्षाकाठी किती खर्च धरावा, असा तुमचा प्रश्न आहे. इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. १२९८ सीसीचं ते पेट्रोल इंजिन साधं आहे, मारुतीवर हात बसलेला कुठलाही जुना मेकॅनिक ते उघडतो. गोव्यात जुन्या फोर बाय फोरचे, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे, पैसे गंजात जातात.

गाडी किनारपट्टीत, मोरजी-हरमलकडे उघड्यावर उभी असायची का, हे आधी विचारा. खारा वारा पत्रा खातोच, पण चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळ पट्ट्यांत तांबडी माती साचून ओली राहिली की लोखंड आतून सडतं आणि वरून काहीच दिसत नाही. रॅम्पवर चढवा आणि लहान हातोडीने ठोकत जा, विशेषतः पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे पाटे चेसिसला जोडणारे दुवे, बसतात तिथे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा खालून ताजा काळा रंग फासलेला दिसला, तर पुढे जाऊ नका. दरवाजे, फ्लोअर यांचं पत्र्याचं काम परवडतं. सडलेल्या चेसिसला वेल्डिंगची ठिगळं लावत बसणं परवडत नाही, आणि ते सुरक्षितही नाही.

दुसरा खर्च पाण्याचा. सत्तरीतले ओहोळ ओलांडायची हौस असेल तर डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, ब्रीदर (हवा जायची नळी) आणि चाकांच्या हबची सीलं तपासा. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आत पाणी ओढतं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंगं जातात. सील चिल्लर किमतीचं, पण मजुरी खरी जड असते.

कागदांचं गणित तर नीटच समजून घ्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२१ला वाढवली असेल तर २०२६ला पुन्हा पाळी, आणि ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय नियमाप्रमाणे वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला फी १०,००० रुपये आहे, आधी ती ५,००० होती. मुदत टळली तर महिन्याला ५०० दंड. गाडी वाहतूक खात्याच्या तपासणीत पास व्हावी लागते, म्हणून छप्पर कापलेली, पुढे लोखंडी बुलबार लावलेली जिप्सी कितीही देखणी दिसली तरी घेऊ नका.

विम्यात मात्र जिप्सी बरी. जून २०२२च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टी ३,४१६ रुपये, त्यावरच्या इंजिनाला ७,८९७, वर जीएसटी. म्हणजे अडीच लिटरची महिंद्राची जुनी थार इथेच दुपटीहून महाग पडते.

माझा हिशेब असा: खरेदीच्या किमतीचा निदान तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायचा. टायर, ब्रेक, पाट्यांचे बुश, टायमिंग बेल्ट, इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या यांत तो सहज संपतो. तेवढे हाताशी नसतील तर थोडं थांबा. आणि दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल गाडी कोणी दाखवली, तर एनओसी, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याचं ना-हरकत पत्र, हातात पडल्याशिवाय आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नका.