नकारानंतरची घाई आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न : माझी मुलगी १८ वर्षांची आहे. तिने ब्रिटनमधल्या चार वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज केला होता. चारही ठिकाणांहून नकार आला. तीन आठवडे झाले, ती खोलीबाहेर फारशी येत नाही. आता एका एजंटने दुसऱ्या एका देशात सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला हमखास प्रवेश मिळवून देतो म्हणून सांगितलं आहे. अनामत दहा दिवसांत भरायची, ती परत मिळत नाही. तिच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांत निम्मा खर्च भागेल. उरलेल्यासाठी निवृत्तीची पुंजी मोडावी आणि घर तारण ठेवावं, असं आम्हाला वाटतं. मी ४९ वर्षांची, माझे पती ५३. तिचं वर्ष वाया जायला नको. काय करावं?

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आकड्यांपेक्षा 'ती खोलीबाहेर फारशी येत नाही' हे वाक्य जास्त वेळ मनात राहिलं. माझं मत आधीच सांगतो : ही अनामत भरू नका.

ऑक्टोबरमध्ये अर्ज भरताना हे महाविद्यालय तुमच्या यादीत होतं का? पत्रावरून तरी नव्हतं असं दिसतं. तेव्हा जे विचारातही नव्हतं, त्यासाठी आज घर गहाण टाकायची तयारी होते आहे. मधल्या काळात ते महाविद्यालय काही सुधारलेलं नाही. तुम्हा तिघांना लागलं आहे, आणि ते दुखणं लवकर थांबावं असं वाटतं आहे. हे अगदी स्वाभाविक आहे. पण दुखणं थांबवण्यासाठी सहा वर्षांचं शुल्क मोजायचं नसतं.

मुलीला एक हिशेब दाखवा. ब्रिटनमध्ये वैद्यकीय शाखेसाठी एका वर्षी चारच ठिकाणी अर्ज करता येतो, त्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण ७.५ टक्के जागांची मर्यादा आहे, आणि तेवढ्या जागांवर साऱ्या जगातून अर्ज येतात. अमेरिकेत २०२३-२४ च्या प्रवेशांसाठी सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले, जागा मिळाली सुमारे २३ हजारांना. म्हणजे तिथेही निम्म्याहून अधिक जण त्या वर्षी बाहेर राहिले, आणि ते बहुतेक पदवी हातात असलेले, वर्षानुवर्षं तयारी केलेले लोक होते. तिच्यासारखीच मुलं ती.

आता तुमच्या पैशांकडे येऊ. तुमचे पती ५३ वर्षांचे. अभ्यासक्रम संपेल तेव्हा ते ५९ चे असतील. त्यानंतर मुलीची परवाना परीक्षा, प्रशिक्षण, मग कुठे नीट पगार. घरावरच्या कर्जाचे हप्ते तोवर कुणाच्या कमाईतून जाणार? ७२ चा नियम तुम्ही ऐकला असेल, ७२ ला परताव्याच्या दराने भागलं की पैसा दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात : परतावा वर्षाला ७ टक्के असेल तर पैसा साधारण दहा वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे आज पुंजीतून काढलेला प्रत्येक रुपया हा तुमच्या साठीतले दोन रुपये आहे. शिक्षणासाठी कर्ज मिळतं. म्हातारपणासाठी कुणी देत नाही.

त्यात चलनाची भर. कर्ज आपल्या चलनात, शुल्क परक्या. आपलं चलन वर्षाला ४ टक्क्यांनी उतरलं, तर शुल्क तसूभरही न वाढता सहाव्या वर्षाचा खर्च पहिल्यापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त होतो. माहितीपत्रकातला आकडा आजच्या दराचा असतो. शिवाय अनेक ठिकाणी रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या वर्षांचं शुल्क सुरुवातीच्या वर्षांहून बरंच जास्त असतं, म्हणून संपूर्ण सहा वर्षांचं वेळापत्रक मागा.

एजंटला आणखी काही प्रश्न लेखी विचारा. मुलगी पुढे ज्या देशात डॉक्टरकी करणार, तिथली वैद्यकीय परिषद ही पदवी मानते का? (ही खात्री एजंटकडून नको, परिषदेकडूनच करून घ्या. जागतिक वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूचीत नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं.) रुग्णांशी बोलायची भाषा कोणती? प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण अखेरपर्यंत टिकतात? आणि एजंटला स्वतःला महाविद्यालयाकडून किती दलाली मिळते? दहा दिवसांत ही उत्तरं मिळाली नाहीत, तर ती मुदत तुमच्यासाठी नाहीच, असं समजा.

पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पुन्हा अर्ज करायचा, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाचा खर्च याच्या तुलनेत फार लहान आहे. पण तो डोळे झाकून करू नका. नकार मुलाखतीआधी आला की नंतर, हे आधी बघा, कारण पैसा कुठे घालायचा ते त्यावर ठरतं. मुलाखतीआधी आला असेल तर बहुधा यूकॅटचे (ब्रिटनमधल्या वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचे) किंवा शाळेचे गुण कमी पडले. यूकॅटचे गुण त्याच प्रवेशवर्षापुरते चालतात, म्हणून ती परीक्षा तशीही पुन्हा द्यावीच लागेल. मुलाखतीनंतर आला असेल तर तिची तयारी जवळपास पुरेशी होती. मग सराव हवा, महागडा शिकवणी वर्ग नव्हे. काही विद्यापीठं पुन्हा अर्ज करणाऱ्यांना घेत नाहीत, ते यादी करतानाच बघा. या प्रयत्नासाठी एक ठरावीक रक्कम बाजूला काढा, ती संपली की थांबायचं हे आजच ठरवा, आणि सोबतीला राहत्या देशातला एखादा प्रवेश हातात असू द्या.

'आधी ब्रिटनमध्ये जैववैद्यकीय पदवी घे, मग आतून वैद्यकीयला बदली' असंही कुणी सुचवेल. अशा बदल्या फार थोड्यांना मिळतात. त्या भरवशावर परदेशी शुल्क भरू नका.

साठवलेला पैसा मात्र वर्ष-दीड वर्षात लागणार असेल तर शेअर बाजारात ठेवू नका. मुदत ठेवीत असू द्या.

वर्ष जाईल, हे खरं आहे. तिच्या कमाईचं एक वर्ष कमी होईल, ती किंमत मी लपवत नाही. पण समोर सहा वर्षांचं कर्ज आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने मुलापासून घर गहाण ठेवल्याचं लपवलं होतं. तिसऱ्या वर्षी त्याला ते कळलं. तोवर त्याला तो अभ्यासक्रम सोडायचा होता, आणि आता सोडताही येईना. आपलं शिक्षण आईवडिलांच्या गहाण घरावर उभं असावं, हे त्याने कधी मागितलं नव्हतं. म्हणून सांगतो, निर्णय काहीही होवो, तिला कागदांसमोर बसवा. तिने सगळे आकडे बघावेत आणि तिचं मत सांगावं. आज नको म्हणाली तर आठवड्याने विचारा, पण अनामत तोवर भरू नका. आणि ती जेवत-झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर पैशांच्या आधी तिला समुपदेशकाकडे घेऊन जा. तो खर्च दुसऱ्या प्रयत्नाच्या रकमेतून नको, वेगळा धरा.