ही रेषा कधीची? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

विसाव्या शतकाचा जागतिक इतिहास नकाशांवरून कसा अभ्यासावा, यावर नागपूर परिसरातल्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतले सहा निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : शाळेच्या माळ्यावर कापडावर डकवलेला जगाचा मोठा नकाशा सापडला. खालचा कोपरा उंदरांनी कुरतडल्यामुळे प्रकाशनाचे साल गेले आहे. पूर्व पाकिस्तान दिसतो, घाना हे नाव आहे, इजिप्त आणि सीरिया एकाच रंगात आहेत, नायजेरिया मात्र ब्रिटिश वसाहतींच्या गुलाबी रंगात आहे. नकाशा कधीचा असेल? इतका जुना नकाशा मुलांना दाखवावा का?
— इतिहास शिक्षिका, महाल

उत्तर : जरूर दाखवा, आणि साल तुम्ही सांगू नका. मुलांनाच काढू द्या. तुम्ही दिलेल्या खुणा उत्तम आहेत. गोल्ड कोस्टचा घाना झाला ६ मार्च १९५७ रोजी. इजिप्त आणि सीरिया मिळून संयुक्त अरब प्रजासत्ताक झाले फेब्रुवारी १९५८ मध्ये, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये सीरिया त्यातून बाहेर पडला. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. म्हणजे नकाशात दिसणारे जग फेब्रुवारी १९५८ ते सप्टेंबर १९६० या काळातले आहे.

आता हा काळ आणखी आवळा. पश्चिम आफ्रिकेत गिनीला वेगळा रंग आहे का? तो २ ऑक्टोबर १९५८ रोजी फ्रान्सपासून सुटला. फ्रेंच कॅमेरून १ जानेवारी १९६० रोजी स्वतंत्र झाला. भारतातल्या राज्यांच्या सीमा दाखवल्या असतील तर सरळ नागपूरवर बोट ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर मध्य प्रदेशात, त्याची राजधानी म्हणून दिसेल, तेव्हापासून ३० एप्रिल १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात, त्यानंतर महाराष्ट्रात. जगाच्या नकाशाची तारीख आपल्याच गावावरून ठरते हे पाहिल्यावर मुले बाकीच्या खुणा स्वतःहून शोधू लागतात.

इथे एक फसगत होते. सीरिया गेल्यावरही इजिप्तने संयुक्त अरब प्रजासत्ताक हे नाव १९७१ पर्यंत ठेवले होते. तेव्हा नुसते नाव वाचून थांबू नका, सीरियाचा रंग पाहा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळ्या खुणा सारख्या वजनाच्या नसतात. नकाशावरची सर्वांत नवी घटना हा पक्का पुरावा, कारण घडण्याआधी ती छापली जाणे जवळजवळ अशक्य. जुने नाव हा कच्चा पुरावा. छापखाने जुन्याच प्लेटवर रंग आणि मोठी नावे बदलून नव्या आवृत्त्या काढत, त्यामुळे देश नवा आणि त्यातल्या शहराचे नाव जुने असे पुष्कळदा आढळते. कधी जुनी रेषा मुद्दाम राखलेली असते. पश्चिम जर्मनीत युद्धानंतर छापलेल्या अनेक नकाशांत १९३७ ची जर्मन सीमा दिसते. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया सोव्हिएत संघात विलीन झाल्याचे अमेरिकेने कधीच मान्य केले नाही. अमेरिकी सरकारी नकाशांवर तशी टीप असे. म्हणून मुलांच्या वहीत दोन रकाने करा : नकाशा कोणत्या वर्षाचे जग दाखवतो, आणि तो कोणी व कधी काढला.

त्याहून जुन्या नकाशांसाठी ही नावे पाठ असावीत. सेंट पीटर्सबर्गचे १९१४ मध्ये पेट्रोग्राड, १९२४ मध्ये लेनिनग्राड, १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. क्रिस्तियानियाचे ऑस्लो १९२५ मध्ये. स्टालिनग्राड हे नाव १९२५ ते १९६१. कॉन्स्टँटिनोपलऐवजी इस्तंबूल १९३० पासून, पर्शियाऐवजी इराण १९३५ पासून. सयामचे थायलंड १९३९ मध्ये झाले, पण १९४५ नंतर काही वर्षे पुन्हा सयाम होते. तेवढ्यासाठी त्या एका नावावर विसंबू नये.

प्रश्न : स्थलनिर्देशक नकाशाची बर्डीवर मोठी झेरॉक्स काढली. त्यावर मोजलेले अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. चूक कुठे?
— बी.ए.चा विद्यार्थी, सीताबर्डी

उत्तर : अंकप्रमाणावर, म्हणजे १:५०,००० अशा आकड्यांत दिलेल्या प्रमाणावर, विसंबण्यात. नागपूरचा जुन्या क्रमांकाचा ५५ ओ/४ हा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे, म्हणजे २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. ए-४ वरून ए-३ करताना यंत्र लांबी १४१ टक्के करते. कागदावर १:५०,००० तसेच छापलेले राहते, पण खरे प्रमाण आता सुमारे १:३५,४०० झालेले असते, म्हणजे किलोमीटरला २.८ सेंटिमीटर. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली किलोमीटरची पट्टी, नकाशाबरोबरच मोठे होते. झेरॉक्सवर नेहमी त्यावरूनच मोजावे. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या कडा ताणल्या जातात, त्यावर मोजमाप करूच नये.

प्रश्न : दोन महायुद्धांमधल्या युरोपच्या सीमा पाठ करूनही डोक्यात राहत नाहीत. नकाशे एकावर एक ठेवून अभ्यास करता येतो असे ऐकले. तो कसा करायचा?
— अकरावीची विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : ए-३ आकाराचा एक पाया-नकाशा घे. त्यावर देश नकोत. नद्या, डोंगर आणि अक्षवृत्ते-रेखावृत्ते हवीत. १:१ कोटी प्रमाण घेतलेस तर लिस्बनपासून मॉस्कोपर्यंतचा भाग एका कागदावर बसतो. वर ठेवायला त्याच आकाराचे पाच ट्रेसिंग पेपर. अक्षवृत्त आणि रेखावृत्त जिथे छेदतात असे चार बिंदू, चार कोपऱ्यांजवळचे, निवडून प्रत्येक कागदावर अधिकचे चिन्ह कर. हे राहिले तर कागद दोन मिलिमीटर सरकतो, आणि या प्रमाणात दोन मिलिमीटर म्हणजे वीस किलोमीटर.

पाच कागद या वर्षांचे : १९१४, १९२३, १९३८ ची अखेर, १९४२, १९४९. मधले १९२३ अशासाठी की पहिल्या महायुद्धानंतरचे तह १९१९ च्या व्हर्सायपासून १९२३ च्या लोझानपर्यंत चालले. १९१९ चा म्हणून छापलेला नकाशा बहुधा अर्ध्यावरचाच असतो.

बहुतेकांचे घोडे अडते ते वेगवेगळ्या अॅटलासमधून सीमा उचलल्यावर. प्रत्येकाचे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, वेगळे, त्यामुळे रेषा जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे सीमा थेट उतरवायची नाही, पाया-नकाशावरची खूण शोधायची. १९४५ नंतरची पोलंडची पश्चिम सीमा ओडर आणि नाइस या नद्यांवरून जाते. ती नदीवरूनच गिरव. १९१४ च्या हंगेरीची उत्तर आणि पूर्व सीमा कार्पेथियन डोंगरांच्या माथ्यावरून होती. ४ जून १९२० च्या त्रियानॉन तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला आणि सीमा खाली मैदानात आली. आता सहावा कागद रेल्वेचा कर, तो फार बोलका आहे. सातू मारे, ओरादिया, अराद या गावांची रांग नवीन सीमेच्या अगदी लगत, रुमानियाच्या बाजूला दिसेल. त्यांना जोडणारा लोहमार्ग आपल्याकडे यावा हा रुमानियाचा आग्रह होता आणि रेषा त्यानुसार पडली. पाठांतरात हे कारण कुठेच येत नाही.

दुसरा असाच पाहण्यासारखा भाग चेकोस्लोव्हाकियाचा. डोंगरांच्या पाया-नकाशावर १९३८ च्या अखेरचा कागद ठेव. म्युनिक कराराने जर्मनीला मिळालेला सुडेटनलँडचा पट्टा बोहेमियाला वेढणाऱ्या डोंगररांगांवरच बसतो. तटबंदी तिथेच होती. ३० सप्टेंबर १९३८ ला करार झाला, आणि १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. मधल्या साडेपाच महिन्यांत त्या देशाकडे लढायला उंच जागाच उरली नव्हती हे नकाशा दाखवतो.

१९४९ च्या कागदावर बर्लिन ठिपक्याने दाखव आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेपासूनचे अंतर मोज : सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर, तुझ्या कागदावर दीड सेंटिमीटरहून थोडे जास्त. २४ जून १९४८ ते १२ मे १९४९ या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिम बर्लिन विमानांनी का पोसावे लागले, ते त्या दीड सेंटिमीटरात कळते.

प्रश्न : भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. असा नकाशा शीतयुद्ध शिकवायला चालेल का?
— शिक्षक, कामठी

उत्तर : शीतयुद्धासाठी तो सर्वांत वाईट. तो मर्केटर प्रक्षेपणाचा असणार. त्यात विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतशी लांबी फुगते. नागपूरच्या २१ अक्षांशावर ही वाढ जेमतेम सात टक्के, पण ६० अक्षांशावर, म्हणजे लेनिनग्राडपाशी, लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २२ लाखांहून थोडे कमी; खरा फरक चौदा पट आहे. अशा नकाशावर सोव्हिएत संघ अवाढव्य दिसतो, आणि अमेरिका त्याच्यापासून दोन महासागर दूर वाटते.

उत्तर ध्रुव मध्यभागी असलेला नकाशा आणा. मिळाला नाही तर संयुक्त राष्ट्रांचे बोधचिन्ह मोठे करून घ्या. त्यातला नकाशा ध्रुवकेंद्रीच आहे. त्यावर दोन्ही महासत्ता आर्क्टिकच्या दोन काठांवर समोरासमोर येतात. १९५७ मध्ये अलास्का आणि कॅनडाच्या अगदी उत्तरेला अमेरिकेने रडार ठाण्यांची रांग का उभी केली, हे समजावायला वेगळे व्याख्यान लागत नाही. गोल असेल तर आणखी चांगले : मॉस्को आणि वॉशिंग्टन यांमध्ये दोरा ताणून धरा, तो उत्तरेकडेच सरकतो.

प्रश्न : पूर्व युरोप, मध्यपूर्व, दक्षिण आशिया या प्रदेशांच्या नेमक्या सीमा कोणत्या धरायच्या?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, वर्धा

उत्तर : वर्ष सांगितल्याशिवाय त्या ठरत नाहीत. प्राग हे व्हिएन्नाच्या पश्चिमेला आहे, तरी शीतयुद्धात प्राग पूर्व युरोपात आणि व्हिएन्ना पश्चिमेत धरत. ती विभागणी राजकीय गटांची होती, रेखावृत्तांची नव्हती. १९५२ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान नाटोत गेले ते याच अर्थाने. मध्यपूर्व हे युरोपातून पाहून दिलेले नाव. आपल्या उत्तरात पश्चिम आशिया लिहावे, आणि इजिप्त त्यात धरला आहे की नाही ते सांगावे. १ एप्रिल १९३७ पूर्वीच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या नकाशात ब्रह्मदेशही येतो. तेव्हा आजच्या दक्षिण आशियाची चौकट १९३० च्या आकड्यांवर लावली तर क्षेत्रफळ आणि लोकसंख्या दोन्ही चुकतात.

प्रश्न : मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९३० च्या दशकातला नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत बसवतो आहे. कधी तो वीस किलोमीटर सरकतो, कधी भलतीकडेच जातो. काय करावे?
— संशोधक, नागपूर

उत्तर : दोन्ही चुका ओळखीच्या आहेत. वीस किलोमीटरची चूक बहुधा मिनिटांची असते. ७९ अंश ३० मिनिटे म्हणजे ७९.५, ते ७९.३० असे टाइप केले की ०.२ अंशाचा फरक पडतो, आणि आपल्या अक्षांशावर तो सुमारे २१ किलोमीटर होतो. भलतीकडे जाणे म्हणजे एक्स आणि वाय यांची अदलाबदल. एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश. उलटे भरले तर नागपूर आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन बसते.

स्कॅन ३०० डीपीआयवर, कागद सपाट दाबून करा. घडीपाशी कागद आखडलेला असतो, तिथले बिंदू टाळा. नियंत्रण बिंदूंसाठी, म्हणजे ज्यांचे अक्षांश-रेखांश देऊन नकाशा जागेवर बसवायचा त्या बिंदूंसाठी, गावे घेऊ नका, कारण गावाचा ठिपका अंदाजे असतो. अक्षवृत्त-रेखावृत्तांचे छेद घ्या, आठ ते बारा, सगळ्या नकाशाभर पसरलेले. नकाशा बसवण्याच्या गणिती पद्धतींपैकी पहिल्या घाताच्या बहुपदीला किमान तीन बिंदू लागतात, दुसऱ्या घाताला सहा. रेखावृत्ते वाकलेली असतील तर दुसरा घात वापरा. थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत घाईने निवडू नका : ते प्रत्येक बिंदू ओढून जागेवर बसवते, त्यामुळे चुकीचा बिंदूही बरोबर दिसतो. १:१०,००,००० प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेषा अर्धा किलोमीटर जाड असते. उरलेली चूक किलोमीटरच्या आत आली की पुढच्या कामाला लागा. युरोपातले नकाशे बसवताना मूळ रेखावृत्त तपासा. जुन्या फ्रेंच नकाशांत ते पॅरिसचे, म्हणजे ग्रिनिचच्या २ अंश २० मिनिटे पूर्वेला असते.

सीमा गिरवताना प्रत्येक बहुभुजाला, म्हणजे सीमेच्या बंद आकृतीला, 'पासून' आणि 'पर्यंत' असे तारखांचे दोन रकाने द्या. वऱ्हाडासाठी एवढ्याने भागणार नाही. १९०२ मध्ये निजामाने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांना दिला, १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, तरी कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. एखाद्या नकाशात वऱ्हाड हैदराबादच्या रंगाने, दुसऱ्यात ब्रिटिश रंगाने दिसला तर त्यांतला एक चुकीचा ठरवू नका. कारभार कोणाचा आणि सार्वभौमत्व कोणाचे, असे आणखी दोन रकाने करा आणि दोन्ही भरा.