आधी कीटक ओळख, मग पंप उचल

प्रिय,

रोग पसरवणाऱ्या कीटकांवर फवारायला कोणतं कीटकनाशक सगळ्यात चांगलं, असं तू विचारलंस. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: तुझ्या भागातला कीटक कधी चावतो, चावून झाल्यावर कुठे बसतो आणि अंडी कुठे घालतो. एवढं ठाऊक नसेल तर महागातलं औषधही वाया जातं.

आफ्रिकेतल्या अ‍ॅनोफिलिस गॅम्बी डासाची मादी प्रामुख्याने रात्री, घरात चावते आणि बऱ्याचदा भिंतीवर विसावते. तिथे कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी आणि भिंतीवरची फवारणी दोन्ही लागू पडतात. आग्नेय आशियाच्या जंगलातली अ‍ॅनोफिलिस डायरस मात्र बरेचदा बाहेर चावते आणि बाहेरच बसते. तिच्यासाठी भिंती फवारून फारसं साधत नाही. काळा आजार पसरवणाऱ्या वालुमाशीच्या अळ्या ओलसर, कुजक्या मातीत वाढतात आणि शोधूनही क्वचितच सापडतात. म्हणून प्रौढ माशीला गाठायचं ते ती बसते त्या भिंतीवरच. निद्रारोगाच्या त्सेत्से माशीची मादी एका वेळी एकच अळी जन्माला घालते. त्यामुळे औषध लावलेले निळ्या कापडाचे छोटे पडदे नदीकाठी रोवून रोज थोड्या माश्या मारल्या, तरी तिची संख्या कोसळते.

कीटकाइतकंच तो पसरवतो त्या परजीवीचं, म्हणजे रोग घडवणाऱ्या जीवाचं, आयुष्यही लक्षात घे. पश्चिम आफ्रिकेत नदी-अंधत्वाविरुद्ध (काळ्या माशीतून पसरणारा कृमींचा आजार) 1974 पासून वाहत्या पाण्यात दर आठवड्याला अळीनाशक सोडलं गेलं, कारण काळ्या माशीची अळी आठवडाभरात वाढते. पण माणसाच्या शरीरातली प्रौढ कृमी दहा वर्षांहून जास्त जगते, म्हणून ती मोहीम 2002 पर्यंत चालवावी लागली. रुग्ण घटले की पैसे थांबवण्याची घाई सगळीकडे होते, आणि ती फार महागात पडते. श्रीलंकेत 1963 साली हिवतापाचे अवघे 17 रुग्ण नोंदले गेले होते. फवारणी थांबली, लक्ष ढिलं पडलं आणि 1968-69 मध्ये रुग्णांचा आकडा पाच लाखांवर गेला. हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र त्या देशाला मिळालं ते 2016 मध्ये.

आता फवारणी. काम इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हातपंपाला सपाट पंख्यासारखा फवारा देणारं 8002 क्रमांकाचं नॉझल (फवाऱ्याचं तोंड) असेल, तर 40 पीएसआय दाबाला मिनिटाला 760 मिली द्रावण बाहेर पडायला हवं. रोज सकाळी साधं पाणी भरून, मोजपात्रात एक मिनिट धरून तपास. जास्त पडत असेल तर भोक झिजलंय, नॉझल बदल. कमी पडत असेल तर ते तुंबलंय. मऊ ब्रशने धू. तार घालू नकोस, तोंडाने फुंकू तर कधीच नकोस.

नॉझल भिंतीपासून 45 सेंमीवर धरलं की 75 सेंमी रुंदीचा पट्टा बसतो. शेजारचा पट्टा त्यावर 5 सेंमी चढव. 3 मीटर उंचीची भिंत साधारण पावणेसात सेकंदांत वरून खाली यायची. मनात आकडे मोजायची सवय लाव. या वेगाने चौरस मीटरला 40 मिली द्रावण बसतं, म्हणजे 8 लिटरमध्ये 200 चौरस मीटर. मात्रा चौरस मीटरला 25 मिलिग्रॅम अल्फासायपरमेथ्रिन (पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक) असेल, तर 8 लिटरच्या टाकीत 5 ग्रॅम मूळ औषध हवं, म्हणजे 5 टक्क्यांची भुकटी 100 ग्रॅम. हा हिशेब स्वतः करून लेबलशी ताडून बघ.

भुकटी तळाशी बसते, म्हणून टाकी अधूनमधून हलवत राहायची. नाहीतर एका घराला घट्ट औषध आणि दुसऱ्याला नुसतं पाणी मिळतं. मातीची भिंत द्रावण शोषते. तिथे भुकटीचं द्रावण चांगलं, कारण कण वर राहतात. ताज्या चुन्यावर पायरेथ्रॉइड लवकर विरतं. फवारल्यावर भिंत सारवली किंवा रंगवली तर सगळे कष्ट मातीखाली जातात. म्हणून सारवणं आधी उरकून घ्यायला घरातल्यांना आठवडाभर अगोदर सांग. विसळलेलं पाणी ओढ्यात ओतू नकोस, पायरेथ्रॉइड माशांना फार जहरी असतं. ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या टाकीत वापर.

औषध निवडताना नळीचाचणीचा निकाल बघ. ठरावीक तीव्रतेच्या औषधाच्या संपर्कात डास तासभर ठेवायचे आणि 24 तासांनी मेलेले मोजायचे. 98 टक्के किंवा जास्त मेले तर औषध चालतं. 90 च्या खाली आले तर डासांत प्रतिकारशक्ती आली आहे. तेच औषध दाट करून मारण्यापेक्षा वेगळ्या गटातलं घे.

आणि नोंदवही. ‘घर फवारलं’ एवढंच लिहू नकोस. झोपायच्या खोल्या किती, त्यांतल्या किती फवारल्या, कुठली बंद होती, कोणी का नाकारली, हे लिही. लोक बहुधा ओसरी फवारू देतात आणि निजायची खोली टाळतात, आणि डास रात्री असतो तिथेच. बंद राहिलेल्या खोल्यांची यादी त्याच संध्याकाळी काढ आणि पथक गावातून हलण्याआधी तिथे पुन्हा जा.