बिल पाठवलंस का?

प्रिय ताई,

सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी एकटीने काम सुरू केलं. संस्थांचे अहवाल, माहितीपत्रकं यांची मांडणी करते. मदतनीस नाही, भागीदार नाही. दरवर्षी तीन ध्येयं ठरवते: स्वतःची वेबसाइट, तयार डिझाइन्सचा संच करून विकणं आणि उत्पन्न दुप्पट करणं. महिनाभर जोर असतो, मग सगळं थंडावतं. वेबसाइट नव्वद टक्के झाली आहे. अकरा डिझाइन्स फोल्डरमध्ये पडून आहेत. प्लॅनर झाले, ॲप झालं, पहाटे उठून झालं. दर रविवारी माझी हजेरी घे म्हणून एका मैत्रिणीला सांगितलं, तर चार रविवारांनंतर तिचे फोन थांबले. क्लायंटच्या कामात मात्र मी आजवर एकही तारीख चुकवलेली नाही. त्यांना त्याची कदर नाही, पैसे कधी वेळेवर येत नाहीत. (या धावपळीत गेल्या चार महिन्यांची बिलं पाठवायची राहिली आहेत, पण तो वेगळा विषय.) माझ्यात चिकाटीच नाही का? ध्येयाला धरून कसं राहायचं?

– एकखांबी तंबू

*

तुला 'तू' म्हणते. कान धरायचा तर 'तुम्ही' म्हणून धरता येत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात कंसातलं वाक्य माझ्याही नजरेतून निसटलं, इतक्या सफाईने तू ते तिथे सरकवलं आहेस. दुसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. चार महिने! आणि तो म्हणे वेगळा विषय. अगं, तुझ्या पत्रात विषय तेवढाच आहे. बाकीचं सगळं त्याच्यावर टाकलेलं पांघरूण आहे.

आधी तुझी तक्रार निकालात काढू. क्लायंट वेळेवर पैसे देत नाहीत म्हणतेस. कोणत्या वेळेवर? बिलावर जी मुदत असते, ती सहसा बिलाच्या तारखेपासून धावायला लागते. काम संपल्याच्या तारखेपासून नाही, आणि तुला वाईट वाटल्याच्या तारखेपासून तर नाहीच नाही. जे बिल पाठवलंच नाही, त्याची मुदत सुरूच झालेली नाही. त्यांच्या हिशोबाच्या टेबलावर तुझ्या नावाचा कागद नाही, मग त्यांनी पैसे काय स्वप्नात पाहून द्यायचे? ते थकबाकीदार नाहीत. तू त्यांना बिनव्याजी, बिनमागणीचं कर्ज देऊन बसली आहेस आणि वर त्यांना कदर नाही म्हणून रुसली आहेस. मला त्यांची बाजू घ्यायची हौस नाही, पण या प्रकरणात त्यांनी काही केलेलंच नाही.

आता चिकाटीचं. सहा वर्षांत एकही तारीख न चुकवणाऱ्या बाईने मला चिकाटी नाही असं लिहावं, हे वाचायलाही कंटाळा येतो. तुझ्या तीन ध्येयांकडे जरा नीट बघ. वेबसाइट नव्वद टक्के झाली आहे. म्हणजे बसलीस, लिहिलंस, पानं जुळवलीस. अकरा डिझाइन्स तयार आहेत. आळशी माणसाकडे अकरा नसतात, दीड असतं. आणि ज्यांचं बिल राहिलं ते कामही पुरं होऊन, वेळेत, गेलेलं आहे. तू कुठेही अर्ध्यावर सोडत नाहीस. तू दरवेळी उंबरठ्यापर्यंत जातेस आणि तिथे थबकतेस. वेबसाइट उघडली की तुझं नाव आणि तुझे दर कोणीही वाचणार. डिझाइन विकायला ठेवलं की त्याची किंमत लिहावी लागणार. बिल पाठवलं की कोणीतरी आकडा बघून भुवई उंचावणार, किंवा उंचावेल अशी भीती. क्लायंटची फाइल मात्र तू बिनधास्त पाठवतेस, कारण त्यावर त्यांचं नाव असतं. जिथे तुझं नाव आणि तुझी किंमत एका कागदावर येते, नेमकं तिथेच तुला अचानक दुसरं काहीतरी तातडीचं सुचतं.

म्हणून प्लॅनर, ॲप आणि पहाट यांनी काही झालं नाही. ते सगळे काम करवून घेणारे उपाय. तुझं काम होतंच आहे. अडतंय ते मागणं.

मला हे इतक्या खात्रीने कसं कळतं, तर मीही यातून गेले आहे. नवीन होते तेव्हा एका नियतकालिकाला वर्षभर लेख दिले आणि बिल एकही दिलं नाही. 'देतील की, त्यांना कळत नाही का' या थाटात. शेवटी धीर करून सगळी बिलं एकदम नेली, तर हिशोब बघणारे गृहस्थ म्हणाले, गेल्या वर्षाची खाती बंद झाली, आता वरून मंजुरी लागेल. आणि मग अगदी निरागसपणे विचारलं, 'तुम्ही आधी का नाही दिलीत?' माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुझ्याजवळ आहे का? जुनं बिल पाठवणं नव्यापेक्षा अवघड होत जातं, हेही तेव्हाच कळलं. तोवर काम सांगणारा माणूस बदललेला असतो, काय ठरलं होतं ते कोणाला आठवत नसतं, आणि आपल्याला उशिराचीच इतकी लाज वाटते की आणखी महिनाभर उशीर होतो.

तेव्हा ध्येयं बाजूला ठेव. वेबसाइट, संच, दुप्पट उत्पन्न, तिन्ही. तुझंच कमावलेलं मागत नाहीस आणि दुपटीच्या गोष्टी करतेस! आज रात्री झोपण्याआधी चार महिन्यांची बिलं पाठव. सगळी. क्रमांक, तारीख, काय काम केलं, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, खात्याचा तपशील. सोबतच्या ईमेलमध्ये एक ओळ: 'बिल जोडलं आहे.' 'उशिराबद्दल क्षमस्व' नको, 'सवडीने द्या' तर मुळीच नको. तुला सवड आहे का, असं कोणी विचारलं होतं? हसरा चेहराही चिकटवू नकोस.

आणि यापुढे एकच नियम. अंतिम फाइल पाठवली की तीच खिडकी बंद करण्याआधी बिल. महिनाअखेरीस नाही, सवड मिळाली की नाही. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. 'मी हे करीन' एवढ्या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की लगेच तमुक करीन' असं बांधून ठेवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्याने आणि पास्कल शीरनने २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हेच दिसलं. गंमत बघ, तुझ्या सगळ्या ध्येयांमध्ये 'झालं की लगेच' कुठेच नाही. सगळीकडे 'या वर्षी' आहे. वर्ष ही फार ऐसपैस जागा आहे, तिथे काहीही हरवतं.

मैत्रिणीबद्दल तुला राग आहे, मला नाही. चार रविवार ती 'किती पानं झाली' विचारत राहिली आणि तू तिला पानं मोजून दाखवत राहिलीस. बिलांचं तिला सांगितलंस? नाहीच सांगितलं असणार. तिने भलत्याच खोलीत पहारा दिला आणि थकून घरी गेली. पुन्हा बोलावशील तर एकच प्रश्न विचारायला सांग. या उत्तराचं शीर्षक तोच आहे.

आणखी एक. आज रात्री यादी करायला बसशील तेव्हा एका नावाशी तू अडखळशील. फार चांगली माणसं आहेत, काम तसं लहानच होतं, आपल्याला पुढेही काम देतील, यांचं राहू दे. ते बिल सगळ्यात आधी पाठव.